परभाषेतून आलेले वाक्य : लिंटास कंपनी आणि मराठी जाहिरातीची भाषा

मराठी गद्याच्या अभ्यासात बखरी आल्या, शास्त्री-पंडितांची भाषांतरे आली, निबंध आला, अग्रलेख आला, कादंबरी तर आलीच. परंतु जे गद्य मराठी माणूस दिवसातून सर्वांत अधिक वेळा, आणि बहुधा न मागता, वाचतो किंवा ऐकतो, त्या जाहिरातीच्या गद्याकडे समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. त्याविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक तक्रारवजा असते. जाहिरातीतील मराठी अशुद्ध असते, भाषांतरकारास मराठी येत नाही, परदेशी भांडवलास देशी भाषेची कदर नाही, अशी ही तक्रार होय. ती खोटी आहे असे नव्हे. पण तिने कशाचाच उलगडा होत नाही. भाषांतरकार अडाणी असतात म्हणावे, तर याच धंद्यात या शतकाने पाहिलेले उत्तम मराठी लेखक नोकरीस होते. भांडवलास कदर नाही म्हणावे, तर ज्या भांडवलाला गिऱ्हाईक हवे असते त्याला गिऱ्हाइकाच्या भाषेविषयी बेपर्वा राहणे परवडणारे नसते. तेव्हा कारण अन्यत्र शोधावयास हवे. ते कारण जाहिरात कंपनीच्या वाढीच्या आणि कामकाजाच्या रीतीत आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. आणि त्यासाठी मुंबईत वाढलेल्या एका बहुराष्ट्रीय कंपनीचे, म्हणजे लिंटासचे, उदाहरण घेणे सोयीचे आहे.

बहुराष्ट्रीय जाहिरात कंपनी परदेशात स्वतःच्या पायांनी जात नाही; ती गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून जाते. मुंबईत हे अगदी अक्षरशः घडले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला आणि तिची जाहिरात सांभाळणाऱ्या जे. वॉल्टर थॉम्प्सन या न्यूयॉर्कच्या कंपनीने पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबईत कचेरी उघडली. त्यापूर्वी मुंबईत जाहिरातीचा धंदा नव्हता असे नाही. गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी १९०५ पासून काम करीत होती, आणि भारतातील पहिली जाहिरात संस्था म्हणून तिचाच उल्लेख सामान्यतः होतो. परंतु दत्ताराम कंपनीला गिऱ्हाईक शोधावे लागे. थॉम्प्सन कंपनी गिऱ्हाईक बरोबर घेऊनच आली. हा फरक लहान नव्हे.

लिंटासचा जन्म याहूनही सरळ आहे. लिव्हर इंटरनॅशनल ॲडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस या नावाची आद्याक्षरे म्हणजे लिंटास. लिव्हर बंधूंचा सनलाइट साबण १८८८ मध्येच हिंदुस्थानात आला होता. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती आणि १९३३ मध्ये लिव्हर ब्रदर्स या कंपन्या येथे स्थापन झाल्या. मालाच्या या घराण्याला स्वतःचा भाट हवा होता. युनिलिव्हरने लंडनमध्ये घरची म्हणून काढलेली जाहिरात संस्था १९३९ मध्ये मुंबईत आली. तिला स्वतंत्र बाण्याने गिऱ्हाईक मिळवावयाचे नव्हते. साबण, वनस्पती तूप आणि पुढे धुण्याची पूड यांची वाणी होणे एवढेच तिचे काम होते. कंपनीच्या भाषेचा विचार करताना तिचा हा घरगडीपणा विसरता येत नाही.

मात्र याच घरगड्याने केलेले पहिले मोठे काम भाषेच्या दृष्टीने विलक्षण आहे. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला. दादा नावाच्या डच व्यापारी पेढीच्या नावात लिव्हरचे आद्याक्षर घुसवून हा शब्द तयार झाला, आणि तो कोणत्याच भाषेतला नसल्यामुळे सर्वच भाषांत सारखाच परका आणि सारखाच सोपा होता. तुपाची जागा घेऊ पाहणारी ही वस्तू होती. मराठी घरात तूप हा केवळ स्निग्ध पदार्थ नव्हे. वरणभातावरची धार, देवापुढचे निरांजन, बाळंतिणीचा आहार या सर्वांत त्याचे स्थान ठरलेले आहे. तेथे इंग्रजी वर्तमानपत्रातील जाहिरात निरुपयोगी होती, कारण ती वाचणारा पुरुष तूप विकत घेत असला तरी कढवीत नसे. लिंटासच्या हार्वी डंकन यांनी १९३९ मध्ये जी मोहीम आखली तिच्यात डब्याच्या आकाराची मोटारगाडी गावोगाव हिंडली, रस्त्यावर मांडणी करून डालड्यात तळलेले पदार्थ लोकांना हुंगावयास, चाखावयास दिले गेले, चित्रपट दाखविला गेला, पत्रके वाटली गेली. जाहिरातीच्या इतिहासात या मोहिमेचा उल्लेख अनेक माध्यमे एकत्र वापरणारी पहिली भारतीय मोहीम म्हणून होतो. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या मोहिमेचा प्राण छापील वाक्यात नव्हता. गाडीपाशी उभे राहून बोलणाऱ्या माणसात होता. बोलणारा माणूस समोरच्या बाईला काय म्हणून हाक मारावयाची हे मुंबईच्या कचेरीत ठरवून घेऊन येत नाही, ते त्याला तेथल्या तेथे ठरवावे लागते. बहुराष्ट्रीय कंपनी आली की देशी बोली बाद होते, हा सिद्धान्त या पहिल्याच उदाहरणावर अडखळतो. वनस्पती तुपाविरुद्ध गांधीजींनी ‘हरिजन’मधून लिहिले, स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याची मागणी संसदेपर्यंत गेली, तरीही ‘डालडा’ हा शब्द मराठीत सर्व वनस्पती तुपांचे सामान्यनाम होऊन बसला. भाषेत शिरण्याची ही ताकद मान्य केल्यावाचून तिच्यावर टीका करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

येथे एक देशी उदाहरण शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले. हेतू धंद्याचाच होता : नांगर आणि यंत्रे यांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत व विक्रेत्यांपर्यंत पोहोचावी. शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते आणि विक्रीच्या कलेवर त्यांचा अभ्यास होता. ते पत्रक वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याच्या मागोमाग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली, आणि महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची एक अख्खी पिढी त्यांच्यावर वाढली. म्हणजे येथे जाहिरातीतून वाङ्मय निघाले. असे का व्हावे? किर्लोस्करवाडीस विकणारा आणि लिहिणारा एकाच भाषेत विचार करीत होते, हे एक कारण; आणि नांगर विकत घेणारा शेतकरी त्या भाषेबाहेर कोठे नव्हताच, हे दुसरे. त्यांचा बाजार आणि त्यांची भाषा यांच्या सीमा बऱ्याच अंशी एक होत्या. लिंटासचा बाजार मात्र पहिल्यापासून अखिल भारतीय होता.

आता कामकाजाच्या रीतीकडे वळू. जाहिरात कंपनीची मिळकत दीर्घकाळ लेखनावर नव्हती, जागेवर होती. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या वृत्तपत्र-मालकांच्या संस्थेने मान्यता दिलेल्या जाहिरात कंपन्यांना छापलेल्या जाहिरातीच्या आकारावर १५ टक्के अडत मिळे. ती अडत वर्तमानपत्र देई. मजकूर, चित्र, भाषांतर हे सारे त्या १५ टक्क्यांतून भागवावयाचे. या साध्या हिशेबाचे भाषेवर झालेले परिणाम मोठे आहेत. इंग्रजी पत्रांचे दर वाचकामागे चढे असत, म्हणून इंग्रजी जाहिरातीवर मिळकत अधिक आणि श्रमही अधिक. मराठी, गुजराती, तमीळ, बंगाली यांतील जागा स्वस्त, म्हणून त्या भाषांवरचे श्रम हा निव्वळ खर्च. दहा भाषांत दहा लेखकांनी स्वतंत्र विचार केला तर खर्च दहापट होतो आणि अडत तेवढीच राहते. एकाने इंग्रजीत विचार केला आणि नऊ जणांनी उतरवून काढले तर नफा उरतो. मराठी मजकूर शेवटी, घाईने आणि भाषांतर म्हणून तयार व्हावा, हे अडतीच्या पद्धतीतच लिहून ठेवलेले होते. कोणाच्याही तिरस्काराची त्याला गरज नव्हती.

याहून खोल गेलेली एक रीत आहे, ती उलट भाषांतराची. मराठीत उतरविलेला मजकूर मंजूर करणारा अधिकारी, कंपनीतला असो की गिऱ्हाइकाकडला, बहुधा मराठी वाचणारा नसतो. म्हणून त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करून त्याच्यापुढे ठेवावयाचे आणि मूळ इंग्रजीशी ते जुळते की नाही हे त्याने पाहावयाचे, अशी ही पद्धत आहे. वरवर पाहता ती दक्षतेची आहे. वस्तुतः ती एक चाळणी आहे. जे मराठी वाक्य इंग्रजीत परत जाऊ शकते तेच तिच्यातून खाली उतरते. ज्याचे इंग्रजी होत नाही, ज्यात म्हण आहे, कोपरखळी आहे, नात्याची हाक आहे, ते वर अडकते. चांगला मराठी लेखक तेथे असून उपयोग होत नाही. किंबहुना तो जितका चांगला, तितका त्याचा मजकूर उलट भाषांतरात मूळापासून दूर गेलेला दिसणार आणि परत येणार. येथे भाषांतरकार अडाणी असण्याची गरजच उरत नाही.

या रीतीला आव्हान देणारे एक माध्यम मध्यंतरी आले होते. विविध भारतीवर व्यापारी जाहिराती १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवरून सुरू झाल्या. म्हणजे भारतात आकाशवाणीच्या जाहिरातीचा आरंभच महाराष्ट्रात झाला. आकाशवाणीचे गिऱ्हाईक ऐकणारे असते आणि कानाला भाषांतर लगेच कळते. शिवाय केंद्र प्रादेशिक असल्याने लहान मराठी व्यापाऱ्यालाही तेथे दहा-वीस सेकंद विकत घेता येत. पण १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती घेतल्या जाऊ लागल्या आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर हिंदीचे पारडे जड झाले. तोवर परकीय चलन नियमनाच्या १९७३ च्या कायद्याने अशा कंपन्यांचे परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा दंडक घातला होता. लिंटासची सूत्रे भारतीयांच्या हाती होतीच : आधी जर्सन द कुन्हा, मग अलीक पदमसी. श्याम बेनेगल यांनीही १९५९ मध्ये मजकूर-लेखक म्हणून येथेच उमेदवारी केली. मालकी देशी झाली म्हणून भाषा देशी झाली काय? झाली, पण ती हिंदी झाली, आणि मराठीला तिचा जो लाभ व्हावयाचा तो भाषांतराच्याच वाटेने झाला. फरक इतकाच की पूर्वी मूळ इंग्रजी होते, आता त्याच्या जोडीला हिंदीही आले.

या काळातील लिंटासच्या तीन कृती वाचून पाहण्यासारख्या आहेत, कारण त्यांत भाषेच्या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे दिलेली आढळतात. पहिली लिरिलची. हा साबण १९७५ च्या सुमारास आला; धबधब्याखाली न्हाणारी तरुणी आणि शब्दहीन गुणगुणणे, एवढ्यावर ती जाहिरात उभी होती. अनेक भाषांच्या देशात उत्तम मजकूर म्हणजे मजकूरच नसणे, असा हा तोडगा. त्याचे कौतुक करताना त्यातील कबुलीही ओळखावयास हवी.

दुसरी कृती सर्फच्या ललिताजींची. सर्फ १९५९ मध्ये बाजारात आला. पुढे अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये काढलेल्या निरमाने कितीतरी कमी किमतीत त्याचे गिऱ्हाईक तोडले, तेव्हा पदमसींच्या कंपनीने ललिताजी उभ्या केल्या. कविता चौधरी यांनी ती भूमिका केली. निळ्या किनारीच्या पांढऱ्या साडीतील, काटकसरी, हिशेबी, प्रश्न विचारणाऱ्याला परतवून लावणारी ही गृहिणी आपल्या आईवरून सुचली, असे पदमसींनी सांगितले आहे. ललिताजींचे बोलणे म्हणजे स्वस्त आणि किफायतशीर यांच्यातील भेदावरचे एक छोटेसे भाष्य आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बाईनेच महाग वस्तू का घ्यावी याचे समर्थन करावे, ही त्यातील गोम. विरोधकाचा मुद्दा, म्हणजे स्वस्ताई, तिने आधीच आपल्या पदरात बांधून घेतलेला असतो. वादपद्धती म्हणून हे लेखन पहिल्या प्रतीचे आहे. त्यामागे बहुराष्ट्रीय भांडवल आहे म्हणून ते कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु ‘ललिताजी’ या नावातील ‘जी’ पाहावा. हिंदीत तो आदर देतो आणि त्याखेरीज काहीच सांगत नाही : जात नाही, गाव नाही, वय नाही, बोलणाऱ्याचे तिच्याशी नातेही नाही. मराठीत हे साधत नाही. तेथे ती ललिताबाई होईल, ललिताताई होईल, ललितावहिनी किंवा ललिताकाकू होईल. आणि यांपैकी एक निवडताच ती कोणत्या घरातली, कोणत्या वयाची आणि कोणाच्या शेजारची हे ठरून जाईल. ‘बाई’ म्हटले की एक अंतर पडते, ‘वहिनी’ म्हटले की ते अंतर मिटते पण बोलणाऱ्याला दीर व्हावे लागते. अखिल भारतीय विक्रीला असे ठरणे नको असते. ही मराठीची उणीव नव्हे. हा तिचा नेमकेपणा आहे, आणि तोच त्या व्यापाराला अडचणीचा आहे. ललिताजी मराठीत आणावयाच्या तर उतरवून भागत नाही, त्या पुन्हा जन्माला घालाव्या लागतात. आणि तेवढा खर्च अडतीत बसत नाही.

तिसरी कृती ‘हमारा बजाज’, १९८९ ची. आकुर्डी आणि वाळूज येथील कारखान्यांत मराठी कामगारांच्या हातून तयार होणारी स्कूटर हिंदी गाण्यातून अखिल भारताची झाली, आणि ती चालविणाऱ्या मराठी कुटुंबानेही ते गाणे हिंदीतच पाठ केले. यात कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही. तरीही हे उदाहरण किर्लोस्करवाडीच्या शेजारी ठेवले की सत्तर वर्षांत काय बदलले ते दिसते. पश्चिम महाराष्ट्रातला कारखानदार आता मराठीतून बोलला तर त्याचे बहुतेक गिऱ्हाईक त्याला ऐकूच शकणार नव्हते.

दूरचित्रवाणीच्या या युगात जाहिरातीच्या मराठीला जे व्याकरण जडले ते कोणा एका कंपनीचे नव्हे, सबंध धंद्याचे आहे. त्याची लक्षणे सहज ओळखू येतात. मराठीत निर्जीव कर्माला सहसा ‘ला’ किंवा ‘ना’ लागत नाही : आपण डाग काढतो, भांडी घासतो. जाहिरातीत मात्र ‘डागांना’ काढले जाते आणि ‘भांड्यांना’ चमकविले जाते, कारण हिंदीत तेथे ‘को’ असतो. मराठीत केस मजबूत ‘होतात’. जाहिरातीत ते मजबूत ‘बनतात’. मराठीत कोणी ‘मला’ मदत करतो. जाहिरातीत तो ‘माझी’ मदत करतो. जंतू जाऊन ‘किटाणू’ आले. ‘नव्या सूत्रासोबत’ वस्तू येऊ लागल्या. सूत्र वेगळे आणि वस्तू वेगळी असून दोघी हात धरून दुकानात शिराव्यात, तशा. या ‘सोबत’ने तृतीया विभक्तीची आणि ‘असलेला’ या उपयुक्त शब्दाची एकदमच सुट्टी केली आहे.

याचे कारण पुन्हा कामकाजात आहे. चित्रफीत हिंदीत एकदाच तयार होते. मराठी मागाहून तिच्यावर बसविले जाते. नटीचे ओठ जेथे मिटतात तेथे मराठीतही ओष्ठ्य वर्ण हवा, हिंदी वाक्य जितके सेकंद चालते तितकेच मराठीही चालावयास हवे, आणि वस्तूचे चित्र दिसते त्याच क्षणी वस्तूचे नाव उच्चारले गेले पाहिजे. ‘डाग काढते’ हे शुद्ध आहे, पण आखूड आहे; ‘डागांना काढून टाकते’ हे ओठांत नीट बसते. अशुद्धतेला असे यांत्रिक कारण असल्यावर व्याकरणशुद्धीचे वर्ग भरवून काय होणार?

शुद्धिवादी मंडळी आणखी एका लक्षणाला दोष देतात. तो मात्र तपासून घ्यावयास हवा. ‘मिळवा’, ‘अनुभवा’, ‘वाचवा’ अशी आज्ञार्थी क्रियापदे वाक्यारंभी येणे ही इंग्रजीची नक्कल आहे, असे म्हटले जाते. परंतु मराठी फेरीवाल्याची हाळीही क्रियापदापासूनच सुरू होते. ‘घ्या हो घ्या’ यात इंग्रजी काही नाही. भेद क्रियापदाच्या जागेत नसून त्यानंतर काय येते यात आहे. फेरीवाली ‘घ्या’ म्हटल्यावर ‘ताई’, ‘मावशी’, ‘दादा’ असे काही म्हणतेच; मराठीत विक्रीचे बोलणे नाते जोडल्याखेरीज पुढे सरकत नाही. जाहिरातीत क्रियापद येते आणि नात्याची जागा रिकामी राहते. उरतो तो ‘तुम्ही’ आणि त्याचा अतोनात वापरलेला ‘तुमच्या’ : तुमची त्वचा, तुमचे घर, तुमच्या मुलांसाठी तुमचे प्रेम. मराठीत आई आपल्या मुलांवर प्रेम करते असे सांगताना कोणाच्या आणि कोणाचे हे दोनदा मोजून द्यावे लागत नाही.

या धंद्यात मराठी लेखक होते, याचा उल्लेख आरंभी आला आहे. अरुण कोलटकर हे नाव सर्वांना ठाऊक आहे. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा कवी मुंबईच्या जाहिरात-क्षेत्रात अग्रगण्य दृश्यकलाकार होता. कमर्शिअल आर्टिस्ट्स गिल्डचे पारितोषिक त्याला सहा वेळा मिळाले. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) लिहिणारे किरण नगरकर यांनी अनेक वर्षे जाहिरातीचा मजकूर लिहिला. १९६१ मध्ये बाळ मुंडकूरांनी काढलेल्या उल्का या कंपनीत र. कृ. जोशी कलासंचालक होते. पुढे पवईच्या तंत्रसंस्थेत त्यांनी अक्षररचना शिकविली आणि संगणकावरील ‘मंगल’ हे देवनागरी अक्षरवळण त्यांनीच घडविले. ही नावे लिंटासची नव्हेत, परंतु त्यांच्यावरून सबंध धंद्याविषयी एक गोष्ट कळते. कोलटकर आणि जोशी यांच्याकडून या व्यवसायाने डोळा घेतला. कान घेतला नाही. देवनागरी अक्षर या मुंबईत सुंदर झाले, कारण अक्षराच्या आकाराला उलट भाषांतर लागत नाही : मराठी न वाचणारा अधिकारीही ते चांगले दिसते की नाही हे सांगू शकतो. अक्षर सुधारले आणि वाक्य बिघडले, या विचित्र जोडीचा उलगडा यातून होतो.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. मराठी वाक्य परभाषेने घडविले असे प्रथमच होत आहे काय? बखरीची भाषा फारसीने भरलेली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’त जे गद्य लिहिले त्याच्या लांब, तोललेल्या वाक्यांमागे इंग्रजी निबंधकार उभे आहेत, आणि आज तेच प्रौढ मराठीचा नमुना मानले जाते. मग आजच्या ‘सोबत’ला आणि ‘डागांना’ला शंभर वर्षांनी तीच प्रतिष्ठा मिळणार नाही कशावरून? याचे उत्तर शुद्धतेच्या आधाराने देता येणार नाही. घेणारा कोण आहे, हे पाहूनच द्यावे लागेल. चिपळूणकरांना इंग्रजी वाक्य आवडले, त्यांनी ते मराठीत वापरून पाहिले, जे बसले ते ठेवले, जे बसले नाही ते टाकले. आणि हा निवाडा करणारे ते व त्यांचे वाचक दोघेही मराठीतच विचार करणारे होते. जाहिरातीच्या साखळीत मूळ लिहिणारा, मंजुरी देणारा, चित्रित करणारा यांपैकी कोणालाही मराठी कानाला ते कसे लागते हे कळण्याची आवश्यकता नाही. ज्याला कळते तो साखळीच्या टोकाला आहे आणि त्याला नकाराधिकार नाही.

नवी मुंबई ही या प्रश्नाची कसोटी घेण्यास उत्तम जागा आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. जाहिरात कंपनीच्या नजरेने पाहिले तर असे शहर म्हणजे आदर्श बाजार : नवे घर, लहान कुटुंब, सासूच्या सवयीपासून दूर आलेली सून, आणि प्रत्येक वस्तू नव्याने निवडण्याची वेळ. या शहरात महाराष्ट्राच्या सर्व भागांतले मराठी भाषक आहेत आणि इतर प्रांतांतलेही आहेत. त्यांच्यात समान अशी बोली घडावयाची तर ती बऱ्याच अंशी फलकावरून, पडद्यावरून घडणार. पण ही भूमी भाषेवाचून रिकामी नव्हती. आगरी आणि कोळी गावे येथे आधीपासून आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जो लढा झाला त्यात पाच माणसे गोळीबारात मेली, आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्यातून पुढे आले. दिवाळे गावच्या कोळणी आजही आपल्या बोलीत मासळी विकतात. त्या बोलीतले एक वाक्य मोठ्या कंपनीच्या जाहिरातीत गांभीर्याने आले, विनोदासाठी नव्हे, असे उदाहरण शोधावेच लागेल.

याच शहरात वाशी-तुर्भ्याचा घाऊक बाजार आहे. मुंबईतील कांदा-बटाटा, धान्य, मसाले, फळे, भाजीपाला यांचे व्यापार टप्प्याटप्प्याने तेथे गेले. तेथील माल सुटा, त्याला नाव असते ते गावाचे किंवा जातीचे : देवगडचा हापूस, लासलगावचा कांदा. तेथील भाषा अडत, पट्टी, तोलाई, हमाली, वक्कल या शब्दांची; फळबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीतही परिचित आहे. प्रचंड उलाढालीचा हा व्यापार मजकूर-लेखकावाचून चालतो. त्याला भाषा लागत नाही असे नव्हे. माल, विकणारा आणि घेणारा समोरासमोर असल्याने ती तेथल्या तेथे तयार होते. डब्यात बंद झालेल्या मालालाच उसनी वाणी लागते. बाजारापासून मैलभर अंतरावर सायन-पनवेल मार्गाच्या कडेला उभे असलेले फलक हे त्या दुसऱ्या जातीचे. दोन्ही भाषा व्यापाराच्याच आहेत. म्हणून व्यापार भाषेला बिघडवितो हे विधान सरसकट करता येत नाही. दुकानांच्या पाट्या देवनागरीत असाव्यात यासाठी राज्याने २०२२ मध्ये कायदा कडक केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीवरील अक्षरांचा आकार कायद्याने ठरविता येतो. फलकावरील वाक्य कोणत्या भाषेत सुचले, हे ठरविता येत नाही.

लिंटासची पुढील कहाणी थोडक्यात सांगता येईल. युनिलिव्हरने आपला हिस्सा क्रमाने सोडला आणि १९८० च्या आसपास ही संस्था इंटरपब्लिक या अमेरिकी समूहात गेली. २००० च्या सुमारास ती लो लिंटास झाली, २०१५ मध्ये मलनलो लिंटास. २०२५ च्या नोव्हेंबरात ऑम्निकॉमने इंटरपब्लिकच विकत घेतली. थॉम्प्सन कंपनीचे असेच झाले : १९८७ मध्ये ती मूळच्या तारेच्या टोपल्या बनविणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीने घेतली, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या विलीनीकरणात थॉम्प्सन हे नावही गेले. दरम्यान जागा विकत घेण्याचे काम मजकूर लिहिण्याच्या कामापासून तोडून स्वतंत्र कंपन्यांकडे दिले गेले आणि १५ टक्क्यांची जुनी अडत मोडली. तत्त्वतः यामुळे मराठी मजकुराला त्याची स्वतःची किंमत मागण्याची संधी होती. प्रत्यक्षात त्याच सुमारास भाषांतर यंत्राकडे जाऊ लागले, आणि यंत्र तर जे मराठी छापलेले आणि साठविलेले आहे त्यावरच पोसले जाते. त्या साठ्यात जाहिरातीचे मराठी मुबलक आहे, आणि दिवाळ्याच्या कोळणीचे जवळजवळ नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे क्षेत्र मात्र १९६७ ते १९८२ या पंधरा वर्षांतील आकाशवाणीच्या मराठी जाहिरातींचे आहे. भाषांतराच्या साखळीबाहेर राहून, बऱ्याचदा व्यापाऱ्याने स्वतः किंवा गावातील एखाद्या शिक्षकाने लिहिलेले मजकूर त्या काळात प्रसारित झाले असण्याचा संभव तेथेच अधिक आहे. ते छापले गेले नाहीत. त्यांतले जे उरले असेल ते पुणे, नागपूर आणि मुंबईच्या केंद्रांतील फितींवर, आणि आता सत्तरी ओलांडलेल्या श्रोत्यांच्या स्मरणात असावयाचे.